ओ निगेटिव्ह आहे, तारीख जुलैची. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाऊ की नको?

कोकणची_लेक

नमस्कार. इथे बऱ्याच जणींनी बाळंतपणाचे अनुभव मोकळेपणाने लिहिलेत, ते वाचूनच लिहायचा धीर झाला. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. आत्ताच अठ्ठाविसावा आठवडा लागलाय. तारीख जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली आहे. आम्ही चिंचवडला राहतो. माहेर दापोलीच्या आत, एसटी जिथे वळते तिथून पुढे पायी जावं लागतं अशा वाडीत.

मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या, "या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन घ्या. बाळंतपण झालं की बाळाचा रक्तगट बघून पुन्हा एक द्यायचं." मी हो म्हटलं, कागद घेतला आणि बाहेर आले. बाहेर एवढ्या बायका ताटकळत होत्या की आणखी काही विचारायला जीव होईना. सगळे प्रश्न घरी आल्यावर आठवले.

सासूबाईंना सांगितलं तर त्या काळजीत पडल्या. बाळ नीट आहे, सोनोग्राफी चांगली आली, मग दुसऱ्याच्या रक्तातून काढलेलं औषध पोटुशीला कशाला टोचायचं, असं त्यांचं म्हणणं. त्या मायेपोटीच बोलतात हे मला कळतं. उत्तर काय द्यायचं ते मात्र कळत नाही.

माझी भीती वेगळी आहे. माझ्या मोठ्या मावशीचं पहिलं मूल धडधाकट झालं. त्याच्यामागची दोन बाळं जन्मल्यावर एक-दोन दिवसांत हळदीसारखी पिवळी पडली आणि आठवड्याच्या आत गेली. सासरच्यांनी देवऋषी केला, देवीला नवस बोलले, वर मावशीलाच बोल लावले. रक्तगट कुणी तपासला नाही. गेल्या वर्षी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं, तेव्हा एवढ्या वर्षांनी कळलं की ती निगेटिव्ह आहे. हे ऐकल्यापासून रात्री जाग आली की पोटावर हात ठेवून बाळाच्या हालचालीची वाट बघत पडते.

आता दुसरा प्रश्न. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे धरलेलंच असतं. आईने माजघराशेजारची खोली सारवून ठेवलीय. तिच्या जुन्या सुती साड्या फाडून लंगोट आणि दुपटी शिवलीत. गोधडीच्या आत आजीचं पातळ घातलंय, तेही मऊ व्हावं म्हणून आधी चार-पाच वेळा धुऊन. टाके घालताना व्हिडिओ कॉल लावते आणि मला दाखवत बसते. तिच्या हातची पेज खावी आणि तिच्याजवळ पडून राहावं, एवढंच मला वाटतं.

पण वाडीपासून दापोलीचं रुग्णालय पाऊण तासावर, आणि माझ्या गटाचं रक्त ऐनवेळी मिळेल अशी रक्तपेढी त्याहून लांब. त्यात जुलैचा पाऊस. पुण्याहून निघायचं तर ताम्हिणी उतरून माणगाव, पुढे आंबेत, मंडणगड करत दापोली. घाटात दरड आली की सगळंच अडतं. आईला इकडे बोलवावं तर जुलैत लावणी. बाबांचे गुडघे गेलेत, त्यांना चिखलात उतरवत नाही. भाऊ मुंबईला नोकरीत. लावणी चुकली तर वर्षाचा तांदूळ गेला. मी एक शब्द टाकला तर आई सगळं सोडून येईल, म्हणूनच तो शब्द टाकवत नाही.

इंजेक्शनचा बाळाला त्रास होतो का? निगेटिव्ह असून गावाकडे बाळंतपण कुणाचं झालंय का, काय तयारी ठेवली होती? आणि हे घरात कुणाला विचारता येत नाही म्हणून इथे विचारते: भीती वाटते म्हणून आईकडे जावंसं वाटतं, आणि त्याच भीतीने जाऊ नये असंही वाटतं. तुम्ही असता तर काय केलं असतं?

---

दोघांची_आई_कराड

मी ए निगेटिव्ह, हे पॉझिटिव्ह, दोन्ही मुलं पॉझिटिव्ह. मुलगी चौथीत आहे, मुलगा यंदा बालवाडीत जाईल. दोन्ही वेळेला अठ्ठाविसाव्या आठवड्यात एक आणि बाळंतपणानंतर एक अशी इंजेक्शनं घेतली. दंडात देतात. पुढचे दोन दिवस दंड ठणकला, एवढंच. बाळांना काहीही झालं नाही. स्वस्त नसतं ते, मला दोन हजारांच्या वर पडलं होतं, तेवढे पैसे वेगळे ठेव.

माझ्या सासूबाईही हेच म्हणायच्या. मी त्यांना समजावत बसले नाही, पुढच्या तपासणीला सोबत नेलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून शांतपणे सांगितलं आणि त्यांना पटलं. सुनेच्या तोंडून ऐकणं वेगळं आणि डॉक्टरांच्या तोंडून वेगळं. तूही नेऊन बघ.

एक विचारते, वाईट वाटून घेऊ नकोस. याआधी कधी दिवस राहून पडले होते का? अगदी दीड-दोन महिन्यांचे असले तरी. तसं असेल तर इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाल.

---

कोकणची_लेक

हो. मागच्या वर्षी, गुढीपाडव्याच्या सुमाराला. दुसरा महिना संपत आला होता. ठोके लागले नाहीत म्हणून गोळ्या दिल्या, दोन दिवसांत सगळं झालं. तो दवाखाना वेगळा होता. तिथे माझा रक्तगट कुणी विचारला नाही, या इंजेक्शनचं नावही निघालं नाही. घरात फक्त नवऱ्याला माहीत आहे.

ताई, तुमचं वाचलं आणि हातपाय गार पडले. म्हणजे मावशीच्या दुसऱ्या बाळाचं झालं ते माझ्या या बाळाचं होऊ शकतं का?

---

लॅबवाली

आधी पाणी पी आणि तुझी फाईल घेऊन बस. मी मिरजेला एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, नावनोंदणी झालेल्या निगेटिव्ह बायकांचे नमुने आमच्याकडे रोज येतात.

फाईलमध्ये आयसीटी नावाची तपासणी शोध. पूर्ण नाव इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट. आई निगेटिव्ह असली की बहुतेक ठिकाणी पहिल्या रक्त तपासणीतच ती करतात. त्यापुढे 'निगेटिव्ह' लिहिलेलं असेल तर तुझ्या शरीरात तोवर बाळाच्या रक्ताविरुद्ध लढणारे घटक, म्हणजे अँटीबॉडी, तयार झालेल्या नाहीत. तरीही उद्याच डॉक्टरांना मागचा गर्भपात सांग आणि इंजेक्शनच्या आधी ती तपासणी पुन्हा करून घे. क्रम महत्त्वाचा आहे: आधी नमुना, मग इंजेक्शन. इंजेक्शनमध्ये त्याच जातीच्या अँटीबॉडी असतात, त्यामुळे नंतर रक्त तपासलं तर त्याच दिसतात आणि खरं काय ते कळत नाही.

आता नेमकं काय होतं ते सांगते, कारण न कळलेल्या गोष्टीची भीती जास्त असते. वडील पॉझिटिव्ह असले की बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळाचं आणि आईचं रक्त एरवी एकमेकांत मिसळत नाही, पण बाळंतपणात, गर्भपातात, किंवा पोटाला मार बसला तर बाळाच्या थोड्या तांबड्या पेशी आईच्या रक्तात येतात. निगेटिव्ह आईचं शरीर त्यांना परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवायला लागतं. त्याला काही आठवडे लागतात. तोवर ते बाळ जन्मून मोठं व्हायला लागलेलं असतं, म्हणून पहिलं मूल बहुधा सुटतं. पुढच्या वेळी बाळ पुन्हा पॉझिटिव्ह असलं की या तयार अँटीबॉडी वारेतून त्याच्यापर्यंत पोचतात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळाचं रक्त कमी होतं, जन्मल्यावर कावीळ झपाट्याने वाढते. तुझ्या मावशीचा मोठा मुलगा वाचला आणि धाकटी दोन गेली, हे असंच झालं असणार. त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता. जमलं तर तिला हे कुणीतरी नीट समजावून सांगा.

अँटी-डी हे काम मुळातच थांबवतं. आलेल्या पेशी आईच्या शरीराला ओळख पटायच्या आधीच साफ होतात. म्हणून बाळंतपणानंतरचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. अठ्ठाविसाव्या आठवड्याचं शेवटच्या तीन महिन्यांचं संरक्षण करतं. अँटीबॉडी एकदा बनल्या की मग या इंजेक्शनचा उपयोग नाही. सारी घाई त्यासाठीच.

दोन महिन्यांच्या आतल्या गर्भपातात अँटीबॉडी बनण्याचा धोका कमी असतो, पण शून्य नसतो. समज तुझी तपासणी पॉझिटिव्ह आली, तरी सगळं संपलं असं नाही. मग अँटीबॉडी किती आहेत ते मोजत राहतात, डॉपलर सोनोग्राफीत बाळाला रक्त कमी पडतंय का ते बघतात, आणि वेळ आलीच तर मोठ्या रुग्णालयात बाळाला पोटात असतानाच रक्त देता येतं. मावशीच्या वेळी हे त्यांच्या आवाक्यात नव्हतं.

सासूबाई म्हणतात ते बरोबर आहे, हे औषध माणसांच्या प्लाझ्मापासून बनतं. तपासून, शुद्ध करून. १९६८ पासून वापरात आहे. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन म्हणून एक गृहस्थ होते, त्यांच्या रक्तात ही अँटीबॉडी भरपूर होती. १९५४ ते २०१८ हजाराहून अधिक वेळा ते दान द्यायला गेले. २०२५ मध्ये वारले. आमच्या खोलीत त्यांचं एक कात्रण लावलंय. सासूबाईंना हे सांग, त्यांना ते आवडेल असं वाटतं.

---

वाशिष्ठीकाठची

बाय माझे, तुझं वाचून राहवलं नाही. मी चिपळूणची, साठी ओलांडलेली. माझ्या दोन्ही लेकींची बाळंतपणं मी घरी केली, म्हणजे दवाखान्यात बाळंत होऊन माझ्याकडे राहिल्या. माहेरच्या बाळंतपणाचं सुख काय असतं ते मला ठाऊक आहे. तरी सांगते, जुलैत तू वाडीवर येऊ नको.

२२ जुलै २०२१ ला आमचं चिपळूण पाण्याखाली गेलं. आमच्या शेजारची सून तेव्हा नवव्या महिन्यात होती. पहाटे पाणी चढायला लागलं तेव्हा तिला जिन्याने वर नेलं. लाईट नाही, फोन लागत नाही, खाली गाड्या तरंगताहेत. ती रात्रभर भिंतीला टेकून बसलेली आणि तिची सासू दर थोड्या वेळाने विचारायची, "कळ नाही ना गो?" देवाच्या दयेने तिला त्यानंतर चार दिवसांनी कळा आल्या. असा पूर दरवर्षी येत नाही. पण ओढ्यावरचा साकव चार तास पाण्याखाली राहिला तरी तुझ्यासारखीला पुष्कळ होतं. तुला रक्त लागलं आणि मधे पाणी असलं तर आई जवळ असून काय करील?

आता आईचं. लावणी कधी करायची ते आईला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. मृगाचा पाऊस वेळेत लागला आणि तरवा, म्हणजे भाताची रोपं, लवकर तयार झाला तर जुलैच्या मध्यापर्यंत आटपते. वाडीत एकमेकांच्या शेतावर जाऊन लावतातच. तू तिच्या वतीने मनातल्या मनात ठरवून मोकळी होऊ नको. तिला खरं काय ते सांग: निगेटिव्ह, इंजेक्शन, मागल्या वर्षीचं दुखणं, सगळं. लेकीचं असलं काही मागाहून कळलं की आईला काय वाटतं ते मी सोसलंय. मग तिला ठरवू दे.

खोली सारवलेली आहे ती गणपतीला उपयोगी येईल. बाळाला घेऊन जा तेव्हा.

---

रक्तदाता_भोसरी

मी ओ निगेटिव्ह, भोसरीत राहतो. बायकांच्या चर्चेत मधेच बोलतोय, पण हे सांगायला हवं. आपल्याकडे शंभरात साधारण पाचच जण निगेटिव्ह असतात, त्यात ओ निगेटिव्ह आणखी कमी. आणि ओ निगेटिव्ह माणसाला एरवी ओ निगेटिव्हच रक्त चालतं. बाळंतपणात बहुतेकींना रक्त लागत नाही, तरी सोय आधी झालेली बरी.

तुमच्या मिस्टरांना सांगा, जूनमध्येच हॉस्पिटलला विचारायचं की तुम्ही रक्त कुठल्या रक्तपेढीतून मागवता. त्या रक्तपेढीत स्वतः जाऊन तारीख आणि गट नोंदवून यायचा. ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर कुठल्या रक्तपेढीत काय शिल्लक आहे ते दिसतं, पण तिथला आकडा बघून निर्धास्त राहू नका, फोन करून खात्री करा. शिवाय दोन-तीन दाते माहितीत ठेवा. पुरुषाला दोनदा रक्त देण्यात तीन महिन्यांचं अंतर लागतं, त्यामुळे आधी विचारलेलं बरं. मी मार्चमध्ये दिलंय. पुढचं तुमच्या तारखेसाठी राखून ठेवतो. मिस्टरांना मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा, नंबर इथे उघड टाकू नका.

---

कोकणची_लेक

सगळ्यांना आधी उत्तर द्यायला हवं होतं. हातात रिपोर्ट येईपर्यंत काही लिहावंसं वाटेना.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले, सासूबाईंना घेऊन. दोघांची_आई ताई, तुमचं ऐकलं. मागच्या वर्षीचं सांगायचं तर ते त्यांच्यासमोरच सांगावं लागणार होतं. रिक्षात मनात वाक्यं जुळवत होते, आत गेल्यावर एकही आठवलं नाही, नुसतं सांगून टाकलं. सासूबाई माझ्याकडे बघून काहीच बोलल्या नाहीत. डॉक्टरांना विचारलं, "मग आता उशीर तर झाला नाही ना?" एवढा एकच प्रश्न. डॉक्टरांनी फाईल उलटून पहिला रिपोर्ट दाखवला, आयसीटी निगेटिव्ह. तरी पुन्हा नमुना घेतला. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, तोही निगेटिव्ह. त्याच संध्याकाळी इंजेक्शन झालं.

लॅबवाली ताई, तो क्रम तुम्ही सांगितला नसता तर मी आधी इंजेक्शन घेऊन मोकळी झाले असते. हॅरिसन आजोबांची गोष्ट सासूबाईंनी खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलीसुद्धा. आणि माझ्या लोहाच्या गोळ्या आता त्यांच्या ताब्यात आहेत. हिमोग्लोबिन १०.२ आलंय, ते ११ च्या वर न्यायचंय. गोळीबरोबर लिंबूपाणी देतात आणि चहाचा कप एक-दोन तास पुढे ढकलतात. गोळी चहाबरोबर घेतली की लोह नीट अंगी लागत नाही, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय.

वाशिष्ठीकाठच्या मावशी, तुम्हाला काय सांगू. तुमचा निरोप वाचून रात्रीच आईला फोन लावला. सगळं सांगितलं. आई रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मी हिशेब करूनच ठेवलाय गो." तरवा पेरायला ती यंदा थांबणार नाही, पहिल्या पावसालाच टाकणार. घराजवळची खाचरं मामा आणि वाडीतल्या बायका मिळून लावतील, वरची दोन राहिली तर राहिली. भाऊ रजा काढून तिला खेडला रेल्वेत बसवून पनवेलपर्यंत आणेल, तिथून हे गाडी घेऊन जातील. तारखेच्या आठवडाभर आधी ती इथे. मोठ्या मावशीलाही आईने फोन करून सगळं समजावलं. मावशी म्हणाली की बाळाचा रक्तगट कळला की आधी मला कळवा.

भोसरीच्या दादांना आमच्याकडून व्यनि गेलाय. खूप आधार वाटला.

तर बाळंतपण चिंचवडलाच. जूनपासून रजा टाकतेय. कायद्याने २६ आठवडे मिळते आणि त्यातले आठच आठवडे तारखेआधी घेता येतात, पण मी कमीच घेणार, म्हणजे नंतर बाळाबरोबर जास्त राहता येईल.

आता पुढचं विचारते. आई बाळंतविडा घेऊन येणार: झबली, टोपरी, कुंची, लंगोटांची थप्पी, बाळगुटीची पुरचुंडी, आणि शेक देण्यासाठी शेगडीसुद्धा. आमच्याकडे पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत म्हणून शेगडीवर टोपली उपडी घालून त्यावर टाकतात, तीही सवय तिला आहे. इथे दोन खोल्यांचा फ्लॅट. सासूबाईंना पहिल्या दिवशी बाळाच्या जिभेवर मध लावायचाय आणि काजळ त्यांनी आत्ताच घरी पाडून ठेवलंय. दोघींचंही मन मोडायचं नाही. यातलं काय चालतं, काय नाही? आणि कावीळ ओळखायची कशी, हे मला नीट समजून घ्यायचंय.

---

दोघांची_आई_कराड

वाचून फार बरं वाटलं गं.

मध अजिबात नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम होऊ शकतो, त्यात बाळ लुळं पडतं, श्वासाला त्रास होतो. यावर घरात कितीही रुसवेफुगवे झाले तरी तू मागे हटू नकोस. गुटीही नको, पाणीही नको. सहा महिने फक्त अंगावरचं दूध आणि ते शक्यतो पहिल्या तासातच सुरू. पहिलं पिवळसर चीक दूध टाकून देऊ नका, बाळाला तेच सगळ्यात मोलाचं. काजळ डोळ्यात नको. सासूबाईंची हौस तळपायाला तीट लावून भागते, आमच्याकडे तसंच केलं.

शेगडी बंद फ्लॅटमध्ये पेटवायची नाही. कोळशाचा धूर दिसेनासा झाला तरी विषारी वायू खोलीत साठतो, तो आईला आणि बाळाला दोघांना घातक. शेकायचं असेल तर गरम पाण्याची पिशवी, तीही फडक्यात गुंडाळून आणि फक्त तुझ्या कंबरेला. लंगोट पंख्याखाली दोरी बांधून वाळव, वर इस्त्री फिरव. आईने शिवलेले लंगोट वापरच, सुती आणि मऊ आहेत. दवाखान्यात न्यायचे ते आधी धुऊन उन्हात वाळवून ठेव. मेमध्येच हे काम कर, जूननंतर ऊन मिळणार नाही.

आईला जे खाऊ घालायचंय ते खाऊ घालू दे. पेज, कुळथाचं पिठलं, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा. दोघींना कामं वाटून दे: आईकडे तुझं खाणं आणि अंघोळ, सासूबाईंकडे बाळाला तेल लावणं आणि झोपवणं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत यामुळे घर शांत राहिलं.

---

लॅबवाली

कावीळ मी सांगते. बाळाला दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बघायचं, पिवळ्या दिव्याखाली नाही. कपाळावर किंवा छातीवर बोटाने हलकं दाबून सोडायचं, त्या जागी कातडी पिवळी दिसते का बघायचं. डोळ्यांचा पांढरा भागही बघायचा. पुष्कळ बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ दिसते आणि आठवडा-दोन आठवड्यांत ती जाते. पण पहिल्या २४ तासांत दिसलेला पिवळेपणा कधीच साधा समजायचा नाही, लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. पिवळेपणा पोटावर, पायावर उतरायला लागला, बाळ दूध ओढेना, झोपेतून उठेना, तरीही तसंच. कोवळ्या उन्हात ठेवलं की उतरते असं कुणी म्हणेल. वाढलेल्या काविळीला निळ्या दिव्याखालचे उपचारच लागतात, उन्हाची वाट बघत बसू नका.

तुझ्या बाबतीत आणखी एक. डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेव की बाळ जन्मलं की नाळेतलं रक्त घ्यायचं: रक्तगट, डायरेक्ट कूम्ब्स (बाळाच्या पेशींना अँटीबॉडी चिकटल्यात का ते कळतं), हिमोग्लोबिन आणि बिलिरुबिन (काविळीचं प्रमाण). फाईलच्या वरच्या पानावर लाल पेनने मोठं 'आरएच निगेटिव्ह' लिही. रात्रपाळीला जो कोणी असेल त्याला शोधावं लागू नये.

आणि आत्तापासून तारखेपर्यंत: कुठे पडलीस, पोटाला धक्का बसला, अंगावरून थेंबभर जरी रक्त गेलं, तर 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी थांबायचं नाही. एक इंजेक्शन झालेलं असलं तरी जायचं, डॉक्टर ठरवतील. बाळाची हालचाल मंदावली तरी जायचं. शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं असं म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नकोस.

---

कोकणची_लेक

सगळं वहीत उतरवून घेतलं, सासूबाईंना वाचूनही दाखवलं. मधाचं ऐकून त्या नाराज झाल्या, पण "डॉक्टरांना विचारू" म्हणाल्या, म्हणजे अर्धं काम झालं. तळपायाची तीट त्यांना पटली. आईने शेगडी तिथेच ठेवायचं कबूल केलंय.

एक राहिलं. नंतरचं इंजेक्शन आत्ताच आणून घरच्या फ्रीजमध्ये ठेवू का? ऐनवेळी मिळालं नाही तर?

---

लॅबवाली

नको. ते २ ते ८ अंशांतच राहायला हवं. घरचा फ्रीज दिवसातून वीस वेळा उघडतो, पावसात तासन् तास लाईट जाते, आणि ते गोठलं तरी वाया जातं. शिवाय बाळ निगेटिव्ह निघालं तर लागणारच नाही. हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये कायम असतं का, शनिवार-रविवारी कोण देतं, संपलं तर किती तासांत मागवतात, एवढं जूनमध्ये विचारून ये. ७२ तास आहेत हातात, तरी पहिल्या दिवशीच झालेलं चांगलं.

---

कोकणची_लेक

आज तपासणी होती, तिथेच विचारून आले. दोन कायम ठेवतात, रविवारी दुकान दुपारी बंद होतं पण आत लेबर रूमच्या फ्रीजमध्ये एक वेगळं असतं. सिस्टरनी स्वतः फ्रीज उघडून दाखवलं. फाईलवर लाल पेनने लिहिलंय.